तारेने टोचलेली भाकरी

नरसव्वाक्का नसती तर मी कधीच माघारी गेले असते. म्हणून आधी तिचं नाव, मग बाकीचं.

अक्कलकोटच्या स्टँडवर आईनं माझ्या मांडीवर भाकरीचं गाठोडं ठेवलं. वडील एसटीच्या खिडकीशी येऊन हळूच म्हणाले, "कुणी इचारलं तर मालक मुंबैला गेल्यात म्हण." आणीबाणीचे दिवस होते. माझे मालक सोलापूरच्या गिरणीत कामाला. फाटकावर पत्रकं वाटताना धरले गेले आणि जेलात पडले. त्यांच्या जवळ राहायचं म्हणून मी निघाले होते. शाळा चौथीतच सुटलेली, शहर माहीत नाही.

सोलापुरात नरसव्वाक्का भेटली, तेलुगू घरातली, विड्या वळणारी. तिनं मला खोली दिली, पानं कापायला शिकवलं, विडी कारखान्याच्या मुकादमाला सांगून काम मिळवून दिलं. मालक मुंबईला आहेत म्हटल्यावर नुसतं "बरं" म्हणाली. खरं मुकादमाच्या कानावर गेलं तर काम जाणार, आणि काम गेलं की सोलापूर सुटणार, ही धाकधूक मला रोज असायची.

तिच्या ओसरीवर आम्ही सहाजणी वळायला बसायचो. तिथं एक रीत होती. जिनं नवा पिक्चर बघितला तिनं तो सगळ्यांना सांगायचा. तिच्या वाट्याच्या विड्या त्या दिवशी बाकीच्या वळणार. एका रविवारी अक्का मला टॉकीजला घेऊन गेली. गोऱ्या साहेबाच्या काळातली गोष्ट. नवरा तुरुंगात, बायको त्याच्या आठवणीवर दिवस काढते. साहेब म्हणतो, माफीच्या कागदावर सही कर, सोडतो त्याला. ती कागद फाडते. मी पदराचा बोळा तोंडात धरून बसले होते.

सोमवारी अक्का म्हणाली, "आज ही सांगणार." मी पानांचं सूप बाजूला ठेवलं. सांगता सांगता कुठून कुठं गेले, कळलंच नाही. ती स्टीलचा डबा घेऊन जेलच्या फाटकाशी जाते, शिपाई भाकरी तारेनं टोचून बघतो, शेंगाची चटणी बोटानं उकरतो...

"इंग्रजांच्या काळात स्टीलचा डबा व्हता व्हय गं?" शेजारी वळत बसलेल्या लक्ष्मीबाईनं विचारलं. सगळ्या हसल्या. मी सूप परत मांडीवर ओढलं.

"पिक्चर हाय की त्यो," अक्का मान वर न करता म्हणाली. "मी बघितलंय. टोचतो तारेनं. तू सांग गं फुडं."

पुढच्या रविवारी बाकीच्या चौघी तोच पिक्चर बघायला गेल्या. मी इकडं गाठोडं बांधून ठेवलं. सोमवारी सगळ्या वळायला बसल्या. मग लक्ष्मीबाईनं माझ्या सुपातली पानं उचलून आपल्या सुपात घेतली.

"डबा न्हाय पिक्चरात," ती म्हणाली. "भेटीचा वार कंचा? त्या दिवशी तुज्या विड्या आमी वळतो."

मुकादमाला शेवटपर्यंत कळलं नाही.

मालक सुटले, पण गिरणीत परत घेतलं नाही. म्हणून आता भिवंडी. इथं यंत्रमागाच्या खडखडाटात कुणी पिक्चर सांगत नाही, सांगितला तरी ऐकू यायचा नाही. घर म्हटलं की मला आईच्या अंगणाआधी ती ओसरी आठवते. तिथं माझं खोटं बोलणं सुटलं.

अक्काला आता पडद्यावरचं दिसत नाही, असं लक्ष्मीबाईनं कुणाकडून तरी लिहून कळवलंय. अक्का, मी येणार. तुझ्या शेजारी सूप घेऊन बसेन. पिक्चर मीच सांगेन, आणि रीत मोडून तुझ्या वाट्याच्या विड्याही मीच वळेन.