उंबऱ्यावर आलेला भंडार

सुग्रीव सुतार नांदूरघाट सोडून इंग्रजी मुलखात गेला, त्याला चाळीसहून जास्त वर्षं झाली. गावात त्याचं नाव आता कुणी घेत नाही. घेतलंच तर 'भंडार झिडकारणारा' म्हणतात, आणि ऐकणाऱ्या नव्या पिढीला तो कुणी दांडगा, लाल डोळ्यांचा माणूस असावा असं वाटतं. तो पाच फुटांचा होता. डाव्या हाताचं करंगळीजवळचं बोट लाकूड तासायच्या वाकसाने निम्मं गेलेलं. बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे न बघता त्याच्या गाडीच्या चाकाकडे बघायचा. रंगभूमीवर मी वीस वर्षं राण्या आणि पतिव्रता केल्या, शूर पुरुष पुष्कळ जवळून पाहिले. त्यांच्या मिशा मीच चिकटवून द्यायचो. त्यांतला एकही सुग्रीवाच्या पासंगाला पुरला नसता.

आमचं गाव तेव्हा मोगलाईत, म्हणजे निजामाच्या राज्यात. बैलगाडीने दोन दिवस पश्चिमेला गेलं की नाका लागायचा आणि नाक्यापलीकडे जामखेड, इंग्रजांचा मुलूख. तिकडचा रुपया वेगळा, कायदा वेगळा. आम्हाला तो परदेशच.

मोगलाईत सगळ्यांत मोठा जाच होता तो वेठीचा. सरकारी साहेब दौऱ्यावर निघाला की त्याचे तंबू, पेट्या, कोंबड्यांचे खुराडे वाहायला गावातून गाड्या धरून न्यायच्या. मजुरी नाही, वैरण नाही. कुणाच्या गाड्या धरायच्या हे विठ्ठलराव देशमुख ठरवायचे. त्यांच्या स्वतःच्या सात गाड्या होत्या. त्यांतली एकही कधी वेठीला गेलेली मी पाहिली नाही. ऐन सुगीत धरलेली गाडी आठ-दहा दिवसांनी परत यायची ती चाकाचे आरे निखळलेली, वरची लोखंडी धाव सैल झालेली. ती सुग्रीवाच्या दारात उभी राहायची. सुग्रीव अशा चाकाचं काही घेत नसे. "ह्याचं एकदा बुडलंय, मी आन कशाला बुडवू," म्हणायचा आणि कामाला लागायचा.

एका पावसाळ्यात, आमची नाटक कंपनी बंद होती आणि मी गावीच होतो, तेव्हा तालुक्याला नवे तहसीलदार आले. तरुण होते, कुठून कुठून शिकून आलेले. त्यांनी चावडीवर सांगितलं की वेठीची पाळी ठरवायला गावाने आपला एक पंच निवडावा. घरटी एक चिंचोका. दोन रांजण ठेवायचे, ज्याला जो पसंत त्याच्या रांजणात चिंचोका टाकायचा. कुणी कुठे टाकला हे दिसू नये म्हणून मध्ये पडदा हवा होता. तो माझ्याकडे मागितला. मी आमचा राजवाड्याचा पडदा दिला, खांब आणि मोर रंगवलेला.

देशमुख उभे राहिले. समोर कोण, असं तहसीलदारांनी विचारलं तेव्हा सगळे जमिनीकडे बघत राहिले. मागून सुग्रीव म्हणाला, "मी हाय. पाळी सगळ्यांवर येईल. देशमुखांच्या गाड्यांवर बी."

इतका साधा जाहीरनामा मी पुन्हा कधी ऐकला नाही. पंधरा दिवस गावात दुसरा विषय नव्हता. माणसं सुग्रीवाच्या पाठीवर थाप मारून जायची. हरिबा नावाचा म्हातारा शेतकरी होता, त्याच्या दोन्ही गाड्या दरसाल वेठीला जायच्या, तो तर पारावर बसून सांगायचा, "देशमुखाच्या बैलांना आता साहेबाच्या कोंबड्या दाखवू."

गावात एकट्या मुनव्वर कल्हईवाल्याला घोर लागला होता. तो आणि सुग्रीव लहानपणापासून एका ताटात जेवलेले. एका दुपारी मी सुग्रीवाच्या दारात बसलो असताना मुनव्वर भाता खाली ठेवत म्हणाला, "तू भंडार कधी फिरवणार बे?"

"कशाचा भंडार?"

"लोकांच्या घरी जा. बेल-भंडार उचलायला लाव. देशमुखाचा माणूस आधी फिरला तर काय करशील?"

"घरच्या माणसांना शपथ घालू? कावून? त्यांना काय वाटंल?"

"त्यांना काय वाटायचं ते वाटू दे. तू आधी जा."

सुग्रीव हसला. "मुन्या, तुझी कल्हई उतरली. ह्यांच्या बायकांच्या बाळंतपणाला माझी छबू रात्र-रात्र बसली हाय. शपथा परक्याला घालत्यात."

बेल-भंडार म्हणजे काय ते आता सांगायला हवं. बेलाचं पान आणि खंडोबाची हळद ताटात घालून एखादा दारात येतो आणि म्हणतो, उचला. उचललं की शब्द दिला. तो मोडला तर वंशाचा दिवा विझतो, अशी आमच्याकडची समजूत. आणि दुसरी गोष्ट त्याहून घट्ट: उंबऱ्यावर आलेला भंडार परत पाठवायचा नसतो. ताट कोण घेऊन आलाय हे बघायचं नाही. देव दारात आला, त्याला माघारी लावणारा कोण?

मत देण्याच्या आदल्या दिवशी देशमुखांचा कारभारी बबनराव ताट घेऊन निघाला. आमच्या दारात आला तेव्हा मी पुढच्या हंगामाची भूमिका पाठ करत होतो.

"राणीसाहेब," तो म्हणाला, "हात पुढं करा."

"कशासाठी?"

"लई मोठं काम न्हाई. एक चिंचोका. देशमुखांच्या रांजणात."

मी रंगमंचावर किती वेळा बेल-भंडार उचलला असेल, त्याला गणती नाही. खोट्या शपथा घेऊन टाळ्या मिळवल्या. पण तो खरा उंबरा होता, आत माझी आई बसली होती आणि ती म्हणाली, "सुंदर, ताट थांबवून धरू नको." मी पान उचललं. बोटांना हळद लागली ती धुतली तरी संध्याकाळपर्यंत गेली नाही.

मुसलमानांच्या घरी बबनरावाने दर्ग्यातली उदी नेली होती. माणूस हुशार होता.

दुसऱ्या दिवशी गाव एकेक करून माझ्या पडद्यामागे गेलं. मोर आणि खांबांच्या आडून चिंचोका पडल्याचा बारीक आवाज यायचा. तहसीलदारांनी स्वतः मोजले. देशमुखांच्या रांजणात एकशे त्रेचाळीस, सुग्रीवाच्या रांजणात नऊ. त्या एकशे त्रेचाळिसांत माझा एक होता. हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही, आणि सांगायची गरजही नव्हती, कारण लपवावं असं कुणालाच वाटत नव्हतं.

पुढचंच मला आजही सहन होत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी हरिबा आपली गाडी घेऊन सुग्रीवाच्या दारात आला. चाक करकरत होतं.

सुग्रीवाने विचारलं, "तात्या, तुमी कुणाला दिला?"

"देशमुखाला," हरिबा सरळ म्हणाला. "भंडार उचललाता. मी शब्दाचा माणूस हाय."

"आन मला जे म्हणलाता?"

"ते खरंच हाय की. पण तू आला न्हाईस ना ताट घेऊन. तू कावून न्हाई आलास? बबनच्या आदल्या दिवशी आला असतास तर माझा चिंचोका तुझाच होता. सगळं गाव हेच म्हणतंय. आमाला पेचात टाकलंस बघ तू."

मी तिथेच होतो. हरिबाच्या चेहऱ्यावर लाज नव्हती. उलट थोडा राग होता, चांगल्या माणसाने निष्काळजीपणा करावा याचा. दुपारपर्यंत आणखी तिघे आले, तेच बोलले. सुग्रीवाने वाकस खाली ठेवला आणि हरिबाचं चाक तसंच सोडून घरात गेला.

आठवड्याने तो जामखेडला जाऊन आला. तिथे एका लाकूडवाल्याच्या वखारीत काम मिळत होतं. घरी आल्यावर बायकोशी, छबुबाईशी, त्याचं जे बोलणं झालं ते अर्ध्या आळीने ऐकलं.

"तिकडं काय गाडीला पाच चाकं असत्यात?" छबुबाई म्हणाली.

"तिकडं मला कुणी ओळखत न्हाई."

"मग त्यात काय सुख?"

"इथं ओळखून दगा दिला. तिकडं न ओळखता देतील. तेवढं चालंल मला."

"दगा कुणी दिला? शपथेला जागले ते."

"व्हय, जागले. म्हणूनच जायचं. खोटं बोलले असते तर राहिलो असतो. पुढच्या खेपेला खरं बोलतील असं म्हणता आलं असतं."

छबुबाईने पंधरा दिवस बांधाबांधच केली नाही. तिच्या मनात होतं की गाव आडवं येईल, समजूत काढेल, आणि हा राहील. सुग्रीवही, मला वाटतं, थोडी वाटच पाहत होता. आज निघतो, उद्या निघतो, म्हणत त्याने तीन बाजार घालवले. सामान न्यायला चार जणांनी आपण होऊन गाड्या देऊ केल्या होत्या. चाकं करणाऱ्याकडे स्वतःची गाडी नव्हती.

शेवटी ज्या सकाळी गाड्या दारात लागल्या, त्या सकाळी गाव खरंच आलं. पन्नास-साठ माणसं. पुढे हरिबा, हातात ताट. ताटात बेल आणि भंडार.

"सुग्रीवा," हरिबा म्हणाला, "जाऊ नको. पुढच्या खेपेचा शब्द आमी आत्ताच देतो. तू धर हे ताट, आमी एकेक जण उचलतो. मग देशमुख आला काय आन बबन आला काय."

छबुबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला वाटलं, झालं. मलाही वाटलं. माझ्या धंद्यात अशा वेळी नायक ताट कपाळाला लावतो आणि पेटीवाला सूर धरतो.

सुग्रीव ताटाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "तात्या, मला वेठीची पाळी बसवायची होती. माणसं वेठीला धरायची न्हवती."

"मग उचलू नको म्हणतोस?"

"घेऊन जावा ते."

"उंबऱ्यावर आलेला भंडार हाय, सुग्रीवा."

"दिसतंय मला. न्हेवा परत."

एका बाईने पदर तोंडावर घेतला. हरिबाने ताट छातीशी धरलं आणि दोन पावलं मागे सरकला, जणू दारात रोगी उभा होता. मग माणसं पांगू लागली. चारही गाडीवाल्यांनी बैल वळवले आणि गाड्या घरी नेल्या. सुग्रीवाच्या पेट्या, पटाशा, करवती दारात पडून राहिल्या.

मी घरी गेलो आणि कंपनीची सामानाची गाडी जोडून आणली. मुनव्वर आधीच तिथे होता, हत्यारं पोत्यात भरत.

सुग्रीवाने मला विचारलं, "तुमी बी उचललाता ना, सुंदरराव?"

"उचलला होता."

"बरं. पेटी धरा तिकडून."

एवढंच. त्याने माझ्यावर राग धरला असता तर मला हलकं वाटलं असतं.

त्या दिवसापासून गावाला मोठा आधार मिळाला. देशमुखाला मत दिल्याची बोच ज्यांना होती त्यांचीही गेली. 'असल्या देव न मानणाऱ्याला पंच केला असता तर?' असं पारावर बोललं जाऊ लागलं. हरिबा सगळ्यांत मोठ्याने बोलायचा. त्या सुगीत त्याच्या दोन्ही गाड्या वेठीला गेल्या, आणि मोडलेली चाकं घेऊन तो वडवणीच्या सुताराकडे गेला. तहसीलदारांची बदली झाली. रांजण चावडीत पाण्याला लागले.

सहा वर्षांनी आमची कंपनी जामखेडला उतरली. वखारीत मी सुग्रीवाला शोधून काढलं. केस पिकले होते. छबुबाई आदल्या वर्षी तापाने गेली, असं त्याने काम न थांबवता सांगितलं. शेवटपर्यंत तिने तिथल्या शेजारणींत मन रमवलं नाही, हेही सांगितलं.

मी म्हणालो, "आता चल गावाला. विठ्ठलराव वारले. लोक विसरले असतील."

"विसरले न्हाईत," तो म्हणाला. "आन मी परत आलो तर कुणीतरी ताट घेऊन येईल. शुद्ध करून घ्यायला."

"आलं तर आलं. पाठव परत. तुला जमतं ते."

त्याने फळीवरचा भुसा हाताने झाडला. "न्हाई जमायचं, सुंदरराव. तवा छबू होती. आता घरात दुसरं कुणी न्हाई, आन एकट्याला फार दिवस झाले. आता मी बी उचलीन."

मालकाने आतून हाक मारली. तिथे त्याला सुग्रीव कुणी म्हणत नव्हतं. 'ए मोगलाई' अशी ती हाक होती. तो 'आलो जी' म्हणाला आणि उठून आत गेला.