बंद शिंपल्यांचा उन्हाळा

पणजोबा दख्खनेतून फौजेबरोबर ग्वाल्हेरला आले, आजोबांनीही बंदूक धरली, आणि माझ्या बाबांनी शिंपले पाळले. नातेवाईक त्यांना ‘शिंपल्यांचे सरदार’ म्हणत. म्हणोत बापडे! त्यांच्याही घरी कैऱ्या आमच्याच शिंपल्यांनी सोलल्या जात.

बाबा नदीतले बारके शिंपले आणून माधवगंजापलीकडच्या, खंडाने घेतलेल्या तळ्यात सोडत. दोन-तीन वर्षांत ते तळहाताएवढे होत. मग गरम पाण्यात उघडायचे, पाठ दगडावर घासून भोक पाडायचं, की सोलणं तयार. लोणच्याच्या दिवसांत दाल बाजारात ती हातोहात खपत.

मी नऊ वर्षांची असताना आई पोटुशी होती. आधीची दोन बाळं जन्मताच गेलेली. आमच्या दाना ओली मोहल्ल्यातली एक शेजारीण तिला म्हणाली, “अगं, असल्या हालतीत घरच्यांनी जिवंत जीव उघडायचे असतात का?” आईने जेवण सोडलं. एरवी शब्दाला शब्द देणारे बाबा एवढंच म्हणाले, “बाळ होईपर्यंत एकही शिंपला उघडणार नाही.”

तळं मात्र आटत चाललं. कोरड्यात मेलेला शिंपला उन्हाने तडकतो, मग त्याला कोण विचारतो? तळ्यावर मासे धरणारा ढीमर रोज सांगे, “बाबूजी, पानी चार दिन का है.” एका दुपारी मी डबा घेऊन गेले तर बाबा चिखलात उकिडवे बसले होते. “जिवंत असतील ना गं?” त्यांनी मला विचारलं. मला, नऊ वर्षांच्या पोरीला! ते हात धुवायला गेले, तेवढ्यात मी विळ्याच्या टोकाने एक शिंपला उघडला. आतला मऊ जीव आकसला. मी तो चिखलात खोल दाबून टाकला. जेवताना म्हटलं, “बाबा, जिवंत आहेत.” किती तरी दिवसांनी ते हसले.

घरी आलो तर आईला कळा सुरू झाल्या होत्या, दिवस भरायच्या आधीच. दाराबाहेर बसून मी देवाला विनवत होते, की उघडला तो मी, आईने नव्हे, शिक्षा मला कर. बाळ जन्मलं, पण रडेना. आत सुईण त्याला चापट्या मारत होती आणि प्रत्येक चापटीला मी म्हणत होते, पुन्हा नाही करणार, पुन्हा नाही करणार. मग ते रडलं.

दुसऱ्याच दिवशी बाबांनी शिंपले काढायला घेतले. हंगाम साधला. मी कुणालाच काही सांगितलं नाही.

त्या भावाला आता नातवंडं आहेत. तरी तो जरा खोकला, की मी हातातलं काम टाकून त्याच्या छातीकडे बघत राहते. ती पुन्हा वर येईपर्यंत मला श्वास घेता येत नाही.