अकरा हात

फोनवर कुणी आपलं नाव सांगून बोलायला सुरुवात केली की बेबीताई मसनेंना अपमान वाटायचा. नुसत्या ‘हॅलो’वरून माणूस ओळखू येत नसेल तर बावीस वर्षं आपण काय झक मारली, असं त्या म्हणायच्या. अकोल्याच्या एका सरकारी कचेरीत त्या टेलिफोन ऑपरेटर होत्या. कोणत्या टेबलाचा कोणता नंबर, कोणत्या साहेबाला दुपारी तीनच्या आत फोन दिलेला चालत नाही, कोणाची बायको आधी खोकते आणि मग बोलते, हे सगळं त्यांना पाठ होतं. त्या मूळच्या हिवरखेडच्या, माळ्याच्या घरच्या. पाचव्या वर्षी गोवरात डोळे गेले तेव्हा बापानं वांग्याच्या वाफ्यातून उचलून अमरावतीच्या अंधशाळेत नेऊन घातलं. पुढे कुठं राहायचं, काय शिकायचं, लग्न करायचं नाही, हे दुसऱ्यांनीच ठरवलं. टेलिफोनची नोकरी मात्र त्यांनी स्वतः मिळवली होती.

ती नोकरी गेली नाही, तिच्यातलं काम गेलं. एका सोमवारी त्या कचेरीत आल्या, खुर्चीवर बसल्या, हात पुढे केला, तर फोन जोडायच्या बोर्डाच्या जागी गुळगुळीत भिंत. नवीन यंत्र बसलं होतं, ते फोन आपले आपण जोडत होतं. शनिवारी माणसं येऊन बोर्ड काढून घेऊन गेली आणि बेबीताईंना सांगायचं कुणाच्या लक्षातच आलं नाही. तीन वर्षं त्या नुसत्या भिंतीसमोर बसून पगार घेत राहिल्या. पगार वेळेवर होत असल्यामुळं तक्रार करायचीही सोय नव्हती.

चव्वेचाळिसाव्या वर्षी हट्टानं त्या कॉम्प्युटर शिकल्या. पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर तेव्हा फार महाग असायचं. नमुना म्हणून फुकट मिळायचं ते चाळीस मिनिटं बोलून गप्प व्हायचं, मग मशीन बंद करून पुन्हा चालू करायची. बेबीताईंनी आख्खं विंडोज असं चाळीस-चाळीस मिनिटांत शिकून घेतलं. पुढे फुकटचं चांगलं सॉफ्टवेअर आलं, तोवर त्यांची बोटं इतकी तयार झाली होती की आवाज मागे राहायचा आणि बोटं पुढे जायची.

मुदतीआधीच पेन्शनीत निघाल्यावर मंडळानं त्यांच्याकडे अकोल्याची कॉम्प्युटरची खोली दिली. मंडळ अंधांचं, कार्यालय अमरावतीला. खोली एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर. बारा मशिनी. त्यातल्या पाच मशिनींचे पडदे बंद पडले होते, हे तीन वर्षांनी एक डोळस पाहुणा आला तेव्हा कळलं. सगळे पोट धरून हसले होते. झाडलोट आणि चहा केशरबाईकडे. ती डोळस, पण कॉम्प्युटरचे पडदे असे काळेच असतात अशी तिची समजूत. दर रविवारी अकोल्याहून, बडनेऱ्याहून, भातकुलीहून पंधरा-एक जण यायचे आणि बेबीताई त्यांच्या पाठीमागून फिरत कुणाची बोटं अडखळताहेत ते नुसतं ऐकून सांगायच्या.

भातकुलीहून यायचा तो नितेश इंगोले. वय सत्तावीस, जन्मापासून अंध, घरची सोयाबीन-कपाशीची शेती. सहा वर्षांपूर्वी आला तेव्हा त्याला कीबोर्डावरची जागाही सापडत नव्हती. बेबीताईंनी त्याला शिकवलं, दोन ठिकाणी शब्द टाकून नांदगाव पेठच्या एका कापड कारखान्यात फोनच्या कामावर लावून दिलं. तो त्यांना मावशी म्हणायचा. हिवाळ्यात पिशवीभर हरभऱ्याचे घाटे आणायचा आणि दोघं सोलत बसायचे. आता तो त्यांच्यापेक्षा पुढे गेला होता, हे त्यांना ठाऊक होतं. त्याचा अभिमान होता आणि थोडं खुपतही होतं. दोन्ही एकाच वेळी.

भांडण लागलं ते विंडोजवरून. दहा नंबरच्या विंडोजची देखभाल ऑक्टोबरात संपणार, असं जाहीर झालं होतं, आणि अकरा नंबरचं खोलीतल्या म्हाताऱ्या मशिनींवर चढत नव्हतं. नितेश म्हणाला, लिनक्स ही दुसरी, फुकट मिळणारी प्रणाली टाकू. झालं. महिनाभर सगळ्यांच्या मोबाइलवरच्या ग्रुपवर आवाजी निरोपांचा पाऊस. हे सगळेच लोक निरोप दुप्पट वेगानं ऐकतात, त्यामुळं साधं बोललेलंही चिरक्या आवाजात, अंगावर आल्यासारखं ऐकू येतं. त्यातच निम्मी मनं बिघडली असावीत.

“मावशी, मी विंडोजले वाईट म्हनून नाही राहिलो,” नितेश खोलीत समोर बसून म्हणाला. “पन मशिनी जुन्या झाल्या. लिनक्स हलकं हाये, फुकट हाये. अन् उद्या कोनी बंद करतो म्हनलं त कोनाच्या बापाच्यानं होत नाही.”

“अन् ब्यांकेत काय हाये? कचेरीत काय हाये? विंडोज. हे पोरं इथून लिनक्स शिकून गेले त त्यायले तिथं उभं कोन करीन?”

“म्हनून त म्हनतो, सहा मशिनीवर हे ठेवू, सहावर ते. ज्याले जे पायजे ते शिकीन.”

त्याचं म्हणणं रास्त होतं. बेबीताईंना ते तेव्हाही कळलं होतं. पण लिनक्सवर वाचणारं सॉफ्टवेअर वेगळं, त्याच्या कळा वेगळ्या, आवाजही वेगळा, आणि बेबीताईंचं वय एकसष्ट. चाळीस-चाळीस मिनिटांत कमावलेलं सगळं त्यांच्या बोटांत होतं. त्यांना भीती वाटत होती, साधी, उघडी भीती: पुन्हा एकदा हात पुढे करायचा आणि समोर भिंत लागायची. हे त्या नितेशला सांगू शकल्या असत्या. त्याऐवजी म्हणाल्या, “मी असेपावतर हे होनार नाही.”

मग बैठक ठरली. मत घेण्याची या लोकांची जुनी रीत आहे. ओळीनं बसायचं, आणि एका टोकापासून प्रत्येकानं आपलं नाव आणि आपलं मत मोठ्यानं सांगायचं. सगळे ऐकतात, सगळे मनात मोजतात, लबाडीला जागा राहत नाही. नव्या पोरांना ही रीत बेबीताईच शिकवायच्या. बैठकीआधीच्या आठवड्यात त्यांनी एकेकाला फोन लावले. पंधरा जणांपैकी नऊ जणांनी शब्द दिला. आवाजावरूनच त्यांना कळलं की शब्द खरा आहे.

नोव्हेंबरातल्या त्या रविवारी अमरावतीहून मंडळाचे सचिव श्यामभाऊ आले. ते डोळस. मऊ बोलणारे, प्रत्येकाच्या खांद्यावर हात ठेवून विचारपूस करणारे. नव्या मशिनी मागायला लागू नयेत म्हणून ‘अकोल्याला लिनक्स झालं’ असं त्यांनी विश्वस्तांना आधीच कळवून टाकलेलं होतं, पण हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं.

“नावं घेत बसलो त माही साडेचारची गाडी चुकन,” श्यामभाऊ म्हणाले. “लिनक्स ज्याले पायजे त्यानं हात वर करा. मी मोजतो.”

खोलीत थोडी चुळबुळ झाली. किसनराव म्हणून एक म्हातारे होते, वेताच्या खुर्च्या विणणारे. त्यांनी घसा खाकरला. सगळ्यांना वाटलं, बेबीताई आता बोलतील. त्या बोलायला हव्या होत्या. पण नऊ जण खिशात होते, मग हात काय आणि नावं काय. उलट पटकन उरकलं तर बरंच. त्या गप्प राहिल्या. त्यांच्या उजव्या बाजूला नितेश होता, त्याच्या खुर्चीची करकर त्यांनी ऐकली.

“अकरा,” श्यामभाऊ म्हणाले. “पंधरातले अकरा. आता विरोधातले मोजाची गरजच नाही. चला, केशरबाई, चाय आना.”

बेबीताईंनी चहा घेतला नाही. नऊ जणांनी शब्द दिला होता, म्हणजे निदान पाच जण फोनवर धडधडीत खोटं बोलले आणि आपल्या कानाला ते कळलंही नाही. लोक फिरले याच्यापेक्षा आपला कान फसला याचं त्यांना जास्त लागलं. आणि लोकांना फिरवणारा एकच माणूस असू शकत होता. घाटे सोलणारा, शेजारच्या खुर्चीतला. नितेश “मावशी” म्हणाला तेव्हा त्या काठी उचलून उठल्या आणि जिना उतरून गेल्या.

पुढच्या आठवड्यात अमरावतीच्या एका दुकानातला माणूस आला आणि दोन दिवसांत बाराही मशिनींवर लिनक्स चढवून गेला. सात चालू पडद्यांवर बघून म्हणाला, सगळं ओके. रविवारी लोक आले, बटणं दाबली, पंख्यांचा घूं घूं आवाज आला आणि पुढे काही नाही. मशिनी बोलतच नव्हत्या. बेबीताई एकेका मशिनीसमोर बसून पाहून आल्या. हात पुढे केला की कीबोर्ड लागत होता, पण पलीकडे भिंतच होती. दुकानदाराला फोन केला तर तो म्हणाला, “मॅडम, स्क्रीनवर तर सगळं दिसून राहिलं.” श्यामभाऊ म्हणाले, बघतो. चार महिने ते बघत होते.

त्या काळात नितेशचे फोन येत. बेबीताईंचा मोबाइल बोलणारा, येणाऱ्या फोनचं नाव मोठ्यानं सांगणारा. “नितेश इंगोले. नितेश इंगोले. नितेश इंगोले.” थांबेपर्यंत त्या हात मांडीवर ठेवून ऐकत बसायच्या. एकदा आवाजी निरोप आला. त्यातला ‘मावशी’ एवढा पहिला शब्द ऐकून त्यांनी तो पुसून टाकला. संक्रांतीनंतर फोन यायचे थांबले. ज्यांनी शब्द दिला होता त्या इतरांशीही त्या बोलेनाशा झाल्या. रविवारी येणारे पंधराचे आठ झाले, आठाचे तीन, आणि मार्चात एकही नाही.

तरी बेबीताई दर रविवारी जाऊन कुलूप उघडायच्या. केशरबाई फडक्यानं कीबोर्ड पुसायची. अशाच एका रविवारी बेबीताई तोंड कडू करून म्हणाल्या, “अकरा जनायनं हात वर केले होते ना? आता एकही येत नाही. कुठं गेले ते अकरा?”

फडकं थांबलं. “अकरा?” केशरबाई म्हणाली. “बाई, हात त तीन होते.”

“तीन?”

“दोन त्या खिडकीजवळच्या पोरायचे. अन् एक किसनरावायचा. तेबी पाठ खाजवत होते असं मले वाटते.”

“अन् नितेश?”

“तो त दोन्ही हात मांडीखाली दाबून बसला होता. मी चाय दिला तवा काढले.”

“मंग तू तवाच काहून नाही बोलली?”

“साहेब अकरा म्हनले. तुमी सारे गप. मले वाटलं, तुमच्यातली मोजाची काही येगळी पद्धत असंन.”

बेबीताईंनी आधी श्यामभाऊंना फोन लावला. “बाई, आता ते काहून उकरता?” श्यामभाऊ मऊ आवाजात म्हणाले. “ठराव झाला ना.” मग त्यांनी त्या नऊ जणांना एकामागून एक फोन लावले. चार महिन्यांनी त्यांचा आवाज ऐकून काही जण बावरले. हात कुणीच वर केला नव्हता. आणि प्रत्येकाला हेच वाटत होतं की उरलेले अकरा फिरले, आपण त्या चार जणांतले. म्हणून तेही आपल्या जागी एकमेकांवर रुसून बसले होते. बेबीताईंचा कान फसला नव्हता. त्या दिवशी तो त्यांनी वापरला नाही, एवढंच.

शेवटी त्यांनी नितेशचा नंबर लावला. तीन घंट्या झाल्या.

“हॅलो,” बेबीताई म्हणाल्या.

“कोन बोलते?”

त्याचाही मोबाइल बोलणाराच होता. नाव साठवलेलं असतं तर मोबाइलनं ते तीनदा सांगितलं असतं. म्हणजे मोबाइलनं नुसते दहा आकडे वाचून दाखवले होते. आणि ज्याला त्यांनीच आवाज ओळखायला शिकवलं होतं, तो त्यांच्या हॅलोनंतर विचारत होता, कोण.

“मी. बेबीमावशी.”

“बोला मॅडम.”

“तुया हात वर नव्हता,” त्या म्हणाल्या. “मले आज समजलं.”

“मले त तवापासूनच मालूम हाये. सारंच लिनक्स करा असं मी कवा म्हनलो होतो?”

“मशिनी मुक्या पडल्या, नितेश. कोनी येत नाही. येऊन पाहतं का एखांद्या रविवारी?”

“तेच्यासाठीच त फोन करत होतो मी. आवाज चालू करा लागते तिच्यात, सेटिंग हाये. पाच मिनिटाचं काम. निरोपात सारं सांगतलं होतं. आता रविवारी नाही जमत. इथं नांदगाव पेठले खोली घेतली, चार-पाच जनं येतात शिकाले.”

“काय शिकवतं? विंडोज का लिनक्स?”

“दोन्ही. अर्धं-अर्धं.” त्याच्यामागून कुणीतरी अडखळत कीबोर्ड बडवत असल्याचा आवाज येत होता. कोणती कळ चुकतेय, ते बेबीताईंना इथून कळत होतं. “अन् काही ठरवा लागलं त ओळीनं बसून नाव सांगतो अन् मत सांगतो. तुमीच शिकवलं होतं ते. ठेवू का मॅडम?”

बेबीताई “हो” म्हणाल्या, आणि फोन त्यानंच आधी ठेवला.