तिचाच अंगठा

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, मुलीजवळ नाही. मग तुमच्याजवळच का? — माहीत नाही. ऐका झालं.

कल्याणात कुटुंबनियोजनाचा दवाखाना काढणारी पहिली डॉक्टरीण म्हणून माझे सत्कार झाले. ते खोटं नाही. स्वातंत्र्य येऊन पाच-सहा वर्षं झाली होती, पण 'आता मूल नको' असं म्हणायचीही बायकांना चोरी होती. "ही आमच्या बायका बिघडवणार," असं गावातली बडी मंडळी उघड बोलत. मी कुणाला भीक घालत नाही अशी माझी ख्याती — आणि तरी मी एक नियम केला. नवऱ्याची सही किंवा अंगठा असलेला कागद आणल्याशिवाय कुठल्याही बाईला साधन द्यायचं नाही. सरकारने सांगितलं नव्हतं, कायद्यात नव्हतं. मग कशासाठी? उद्या कुणी दारात येऊन बोंब मारली तर तोंडावर फेकायला कागद हवा, म्हणून. भ्याले होते मी, दुसरं काय!

यमुना दिव्याकडच्या मिठागरात कामाला होती. सहा बाळंतपणं झालेली, अंगात रक्त म्हणून नाही. "बाई, मना आता पोर नको," म्हणाली. गर्भ राहू नये म्हणून आत बसवायची एक रबरी टोपी द्यायची, कशी बसवायची ते शिकवायचं — अर्ध्या तासाचं काम. मी म्हटलं, आधी कागद आण.

आठवड्याने घेऊन आली. कागदावरचा अंगठा लहान, निमुळता. मी तिचा हात धरून उलटा केला, तर तिच्या अंगठ्यावर शाई अजून तशीच. अशा वेळी माणसाने काय करावं? — मी हसले. बाकावर दहा-बारा बायका बसल्या होत्या, त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "अगं, डॉक्टरला फसवतेस?" आणि कागद फाडला. ती पदराला अंगठा पुसत निघून गेली.

पुढच्याच वर्षी सातव्या बाळंतपणात ती गेली. बैलगाडीतून माझ्याकडे आणेपर्यंत सगळं संपलं होतं. नवरा पायरीवर बसून ढसाढसा रडत होता. विचारलं असतं तर दिला असता का त्याने अंगठा? कोण जाणे. मी त्याला कधी विचारलंच नव्हतं.

एवढंच असतं ना, तर कधीच बोलून मोकळी झाले असते. पण मी — कसं सांगू? — मी तिची गोष्ट भाषणात सांगायला लागले. ठाण्यात, डोंबिवलीत, टिटवाळ्यात. नावानिशी. "बिचारी लाजेपायी आलीच नाही हो! आली असती तर आज जिवंत असती. बायांनो, तुम्ही तरी लाजू नका." बायका डोळे पुसायच्या. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गर्दी व्हायची. किती वर्षं सांगितली ती गोष्ट! शेवटी तिच्या गावातही सांगितली. भाषण झाल्यावर तिची थोरली मुलगी पुढे आली, माझ्या पाया पडली. "आई तवा तुमच्याकडं आली असती तं..." एवढंच बोलली आणि रडायला लागली.

मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. म्हटलं, "हो गं बाळ."

तिची आई आली होती. दोनदा.