व्हायोलिनवाल्या जर्मनावरचा लेख

नाशिकला आमचं साहित्य मंडळ होतं. मंडळ कसलं, सात-आठ माणसं, वाचनालयाची मागची खोली आणि चहा. लेख आदल्या दिवशी टेबलाच्या खणात टाकून जायचा, नाव न घालता. रविवारी सकाळी एकाने वाचायचा, बाकीच्यांनी सोलून काढायचा, आणि शेवटी लिहिणाऱ्याने हात वर करायचा. हात वर झाला नाही तर लेख बाद.

आणीबाणी उठली त्या वर्षीची गोष्ट. वाचायची पाळी माझी होती. लेख एका जर्मन संगीतकारावर. हा माणूस स्वतः व्हायोलिन वाजवायचा, कवी त्याच्या घरी जमायचे आणि तो त्यांच्या कवितांना चाली लावायचा. अक्षर मी लगेच ओळखलं. आमच्यातले तहसील कचेरीतले कारकून! माझे दाखले त्यांनीच लिहून दिले होते. स्वतः व्हायोलिन शिकायचे, आणि ह्या जर्मनापायी जर्मन शिकले होते. एकदा म्हणाले होते, "बाई, मंडळाला माझं काही आवडलं तर दिवाळी अंकाला पाठवीन. नाहीतर लिहिणं बंद."

पण मागच्याच रविवारी माझ्या कथेला त्यांनी भाषणबाजी म्हटलं होतं. बोलताना कथा माझी हे त्यांना ठाऊक नव्हतं. आणि बोलले ते खरं होतं, म्हणून तर जास्त झोंबलं.

वाचून झाल्यावर मी सुटलेच. "अहो, गोदाकाठी बसून कुठल्या जर्मनाच्या गप्पा? ह्या लिहिणाऱ्याला ना सूर कळत, ना मराठी येत!" सगळे खो खो हसले. तेही हसले. हात काही वर झाला नाही. पुढे ते येत राहिले, पण खणात त्यांचं काही आलं नाही.

बाद लेख मी पिशवीत घातला. देवाशपथ, परत द्यायलाच. पण कुठल्या तोंडाने देणार? चार-पाच वर्षं तो कपाटात पडून राहिला. मग वाचनालयात माझं व्याख्यान ठरलं, विषय सुचेना, आणि मी मेलीने तोच लेख स्वतःचा म्हणून वाचला. मंडळातल्या बाकी कुणाला एकदा ऐकलेला लेख कुठला आठवायला! टाळ्या काय, हार काय!

ते मागच्या रांगेत होते. संपल्यावर गर्दीतून पुढे आले. म्हटलं, गेली आता अब्रू. गेली असती तर फार बरं झालं असतं.

"बाई," ते हळूच म्हणाले, "म्हणजे लेख बरा होता ना?"

मला साधं हो म्हणता आलं नाही. आजूबाजूला माणसं होती.