वरचं वजन

स्वयंपाकघर आणि दिवाणखान्यामधली भिंत काढून तिथे लोखंडी गर्डर टाकायचं ठरलं, तेव्हा इंजिनिअरने आधी विचारलं, "वरच्या खोलीत वजन किती आहे?"

"पलंग, पुस्तकांचं कपाट आणि बाबांची खुर्ची," मी म्हणाले. सासरे गेल्यापासून ती खोली बंदच असते.

"आणि एक माणूस धरा," मेथी निवडत बसलेल्या सासूबाई म्हणाल्या.

इंजिनिअरने माझ्याकडे पाहिलं.

वर कोण आहे, कोण नाही, हे त्या भिंतीने कधी विचारलं नव्हतं. जे येईल ते पेलत ती उभी होती. लोखंडाला मात्र आधी सांगावं लागतं, आणि सांगायची वेळ आली की बंद खोलीलाही रिकामी म्हणायला जीभ वळत नाही. हलका गर्डर पुरेल असं इंजिनिअर म्हणाला होता. दुकानात मी जाडच निवडला.

आता भिंत नाही. काल दुपारी आम्ही दोघी गर्डरखाली चहा पीत होतो, तेव्हा वर खुर्ची सरकल्यासारखा आवाज झाला. माझा कप हातातच राहिला.

सासूबाईंनी वर पाहिलंही नाही. "बरं झालं, जाड घेतलास," एवढंच म्हणाल्या.