वामकुक्षी आणि तिसरा हार्मोनिक

दिल्लीच्या द्वारका भागातल्या आमच्या नव्या सोसायटीला कारंजं होतं आणि गेटावर रोमन खांब होते. वीज मात्र दुपारी नसायची. मग घरोघरी इन्व्हर्टर सुरू होत आणि पंखे घसा बसल्यासारखे घरघरत फिरत.

आई गेल्यावर बाबांना मी पुण्याहून घेऊन आलो होतो. ते इथेच राहावेत, असं मला फार वाटे. त्यांची अट एकच होती, जेवणानंतरची वामकुक्षी. नेमकी तीच होईना.

"माझं तिकीट काढ," एका दुपारी ते उठून बसत म्हणाले. "पुण्यातला पंखा गप्प असतो."

माझी नोकरी इन्व्हर्टरच्याच कंपनीत, घरातला इन्व्हर्टरही तिथलाच. आमचे साहेब प्रदर्शनात मंत्र्यांना "बिल्कुल शुद्ध वेव्ह, सर" असं सांगत, तेव्हा मी मागे गंभीर चेहऱ्याने उभा असे.

"तुमची शुद्ध वेव्ह अशी ओरडते का रे?" बाबांनी विचारलं.

मी वर्तमानपत्राच्या कडेला आकृती काढली. तारेतून येणाऱ्या विजेचा दाब झोक्यासारखा संथ चढतो, उतरतो. आमचा इन्व्हर्टरचा डबा मात्र एकदम वर उडी मारतो आणि एकदम खाली. त्या उड्यांतून तिप्पट, पाचपट वेगाच्या नको त्या लहरी निघतात. त्यांना हार्मोनिक म्हणतात. पंखा कुरकुरतो तो त्यांच्यामुळे.

"मग उडी मारूच नका ना."

"तेच चाललंय, बाबा. उडीच्या जागी पायऱ्या करतोय. प्रत्येक पायरी कोणत्या क्षणी चढायची ते गणिताने ठरवायचं. क्षण बरोबर साधला, की तिसरा हार्मोनिक, म्हणजे तिप्पट वेगाचा, आपोआप कटतो."

"आपोआप? अच्छा!" दिल्लीत येऊन त्यांनी उचललेला हा पहिला शब्द.

कंपनीत अर्धवट झालेला तो पायऱ्यांचा नवा डबा घरी न्यायला साहेबांनी 'फील्ड ट्रायल' म्हणून परवानगी दिली. फील्ड म्हणजे बाबांची खाट. रविवारी वरणभात झाला, वीज गेली, बाबा डाव्या कुशीवर झाले. मी दाराशी उभा. पंखा बराच निवळला होता. बाबांचे डोळे मिटलेले होते. मला हायसं वाटलं.

"एक बारीक आवाज उरलाय," ते डोळे न उघडता म्हणाले.

"तो पाचवा. त्याला आणखी एक पायरी लागेल. गणित नव्याने मांडावं लागेल."

"किती दिवस?"

"उन्हाळा जाईल."

त्यांनी उशी सारखी केली. "जाऊ दे. पण पाचवा काढताना तिसरा परत येणार नाही कशावरून?"

प्रश्न चांगला होता. मी खाटेच्या कडेला बसलो आणि पुन्हा वर्तमानपत्र ओढलं. झोप त्या दिवशीही झाली नाही. तिकिटाचा विषय मात्र कोणी काढला नाही.